जाताना सहा तास

ऑफिसात तिला 'टाइमटेबल' म्हणत आणि घरी 'धाकटी'. खरं नाव होतं, पण कुणी फारसं वापरलंच नसल्यामुळे ते कोरं करकरीत राहून गेलं होतं.

ऑफिस म्हणजे एका अरुंद इमारतीतली जिन्याखालची खोली. काचेच्या दारावर कागदी विमान चिकटवलेलं; उन्हाने त्याचा एक पंख सुटून आला होता आणि दार उघडलं की तो फडफडायचा. आत दोन टेबलं. मागचं मालकाचं, पुढचं हिचं. जिन्यावरून कुणी धावत उतरलं की छतातून थोडा चुना तिच्या की-बोर्डवर पडायचा, आणि ती बोलणं न थांबवता फुंकर मारायची. विमानाची तिकिटं काढून देणं हा तिचा धंदा. लग्न जमेपर्यंत म्हणून धरलेली नोकरी. लग्न जमलं नाही आणि नोकरी जमून गेली.

येणारा माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी एकच विचारायचा, "किती लांब आहे हो ते?"

"किलोमीटर पायलट बघतो," ती म्हणायची. "तुम्ही तास बघा."

मग ती तास सांगायची, आणि तेही नुसते आकाशातले नाही. घराचं दार ओढून घेतल्यापासून तिकडचं दार उघडेपर्यंतचे. विमान कंपन्या फक्त उडतानाचे सांगतात. रांगा, तपासण्या, मधल्या विमानतळावरच्या लोखंडी खुर्च्या, सामानाचा फिरता पट्टा, हे सगळं त्या माणसाच्या पदरात टाकून मोकळ्या होतात, असं तिचं मत होतं. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरायचा. मागून मालक ओरडायचा, "टाइमटेबल, तू तिकिटं विकतेस की सुतक कळवतेस?"

ती स्वतः एकदाच विमानात बसली होती. एका कंपनीने एजंटांना फुकट फिरवून आणलं तेव्हा. मधली सीट मिळाली. खिडकीपाशी बसलेला माणूस खिडकीवर डोकं टेकून घोरत होता, दुसऱ्या बाजूच्याने पेपर पसरला होता. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "समोरच्या सीटची पाठ पाहिली. चांगली होती."

मालकाने तिला पहिल्या आठवड्यात एक धडा दिला होता. सीट पक्की व्हायच्या आधी नुसती अडवून ठेवता येते. त्याला होल्ड म्हणायचं. गिऱ्हाइकाने वेळेत होकार कळवला तर तिकीट निघतं, नाहीतर होल्ड आपोआप सुटतो आणि सीट दुसऱ्या कुणाला जाते. "पण गिऱ्हाइकाला होल्ड-बिल्ड सांगत बसायचं नाही," मालक म्हणाला होता. "सीट अडवली की म्हणायचं, झालं तुमचं तिकीट. 'बघते' म्हणालीस की तो उठून समोरच्या दुकानात." तेव्हापासून ती सीट अडवली की 'झालं' म्हणायची. मागाहून निभावून न्यायची. इतकी वर्षं एकदाही अंगाशी आलं नव्हतं.

दादाचं पहिलं तिकीट तिनेच काढलं होतं. दादा तिच्याहून मोठा, हुशार, आणि आईचा जीव. तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरीला निघाला तेव्हा आईने चार दिवस भिंतीकडे बघत काढले आणि पाचव्या दिवशी तिकिटाचा कागद मागून घेतला. चष्मा लावून वाचला. सकाळी दहाला निघायचं, त्याच दिवशी दुपारी चारला पोचायचं. आईचा चेहरा उजळला.

"अगं, मग लांब कुठे आहे? सहा तास तर आहेत."

धाकटी समजवायला निघाली होती. कागदावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोचायची तिथल्या. विमान उडतं ते सोळा तास, पण पश्चिमेकडे जाताना घड्याळं मागे पडत जातात. तिने तोंड उघडलं. मग आईचे हात दिसले. ते चार दिवसांत पहिल्यांदा स्थिर होते. ती गप्प बसली.

त्यानंतर सहा तास घरात राहायलाच आले. शेजारच्या काकूंचा मुलगा आगगाडीने एका रात्रीच्या अंतरावर होता. आई त्यांना म्हणायची, "तुमच्यापेक्षा आमचा जवळ आहे." काकू मान हलवायच्या आणि जिन्यात धाकटीला गाठून म्हणायच्या, "आईला भूगोल तू शिकवलास का गं?"

दादा दोनदा येऊन गेला. येताना मात्र तो तिथून दुपारी निघायचा आणि इथे दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचा. आईने त्याचाही हिशेब बसवला. जाताना सहा तास, येताना एक अख्खा दिवस. "येताना फिरवून आणत असतील," ती म्हणाली. "माणसं गोळा करत करत येत असेल विमान." खरी गोष्ट उलटी होती. येताना वारा पाठीमागून असतो. इकडे यायचा प्रवास जायच्या प्रवासाहून दोन तासांनी लहान. घरी येणं सोपं होतं. धाकटीने हेही सांगितलं नाही, आणि हे न सांगण्यात दया नव्हती. आईला वाटू दे की येणं अवघड असतं, म्हणजे तो येत नाही याचं तिला कोडं पडणार नाही, अशी ती स्वतःची समजूत घालायची. पण दादा यायचा तेव्हा आई ज्या कौतुकाने म्हणायची, "केवढं लांबून आला गं माझ्यासाठी," ते ऐकलं की धाकटी उठून स्वयंपाकघरात जायची.

ती रोज ऑफिसातून बसने चाळीस मिनिटांवरून घरी यायची. त्याचं कुणी काही म्हणत नव्हतं.

मग आई आजारी पडली. दुखणं पोटातलं होतं, बऱ्याच दिवसांचं होतं, आणि कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर धाकटीला म्हणाले, "आता दुखू न देणं एवढंच आपल्या हातात आहे." सकाळ-संध्याकाळ एक सिस्टर येऊ लागली. जाड बांध्याची, कमी बोलणारी, पायातले बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवणारी. ती सुई द्यायची, आई झोपायची. सुईचा जोर ओसरला की आई पलंगाची लोखंडी कड धरायची. धाकटीने ऑफिसातून रजा घेतली. आईला उचलणं, पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, सगळं ती करायची. आई डोळे मिटून करवून घ्यायची. कधीतरी म्हणायची, "हळू गं. तुझे हात खरखरीत आहेत." आणि मग, "दादाला कळवलंस का?"

कळवलं होतं. दादाचा आवाज फोनवर नेहमी थोडा उशिरा यायचा, जणू तोही विमानाने येत असावा.

"नक्की काय म्हणतात डॉक्टर? म्हणजे किती दिवस?"

"तारखा डॉक्टर देत नाहीत, दादा. तारखा मी देते. तू ये."

"येतो गं. येणारच आहे. फक्त बघ, सुट्टी मला एकदाच मिळेल. आत्ता आलो, आणि समजा ती... राहिली अजून महिनाभर, तर मग नंतरच्याला येता येणार नाही. तूच सांग, आत्ता येऊ की नंतर?"

गिऱ्हाइकं असंच विचारतात, हे विमान बरं की ते बरं.

"ती तुला विचारते," ती शेवटी म्हणाली. "मेल्यावर विचारणार नाही."

"असं तोडून बोलू नकोस ना."

"सीट अडवून ठेवते. परवाच्या विमानात. उद्या संध्याकाळपर्यंत कळव."

"हो. ठेव. उद्या सांगतो."

तासाभरासाठी ऑफिसात जाऊन तिने सीट अडवली. मालक स्वतः उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि काही बोलला नाही, हे त्याच्याकडून फार होतं. घरी आली तेव्हा आई जागी होती. धाकटीने चप्पल काढता काढता, जसं गेली कित्येक वर्षं सांगत आली तसंच सांगितलं, "झालं दादाचं तिकीट. परवाचं."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण कुणाला काय सांगितलं. आई उठून बसली होती. कुणी धरल्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होल्ड सुटला. दादाचा फोन त्यानंतर आला. इकडचं तिकडचं बोलला, वहिनीच्या कामाचं सांगितलं, मग एकदम म्हणाला, "मला नाही गं बघवणार तिला अशी."

"मला बघवतं असं वाटतं का तुला?"

"तुला सवय झालीय."

तो हे वाईट हेतूने बोलला नव्हता. खरंच त्याला तसं वाटत होतं. धाकटीने फोन ठेवला आणि आत जाऊन आईला सांगायचं ठरवलं. आई मांडीवर आरसा घेऊन केस सोडून बसली होती. तिने आरशात न बघता विचारलं, "तो निघायला अजून किती वेळ आहे?"

"उद्या रात्री. आपल्या रात्री," धाकटी म्हणाली.

विमान खरोखरच निघालं. त्याच वेळेला, त्याच शहरातून, फक्त दादाच्या सीटवर दुसरं कुणीतरी बसलं होतं. सकाळी धाकटीने फोनवर ते विमान शोधलं. नकाशावर एक छोटी पिवळी खूण, इवलीशी, मुंगीच्या चालीने सरकणारी. आईने फोन हातात घेतला आणि छातीपाशी धरला.

सिस्टर आली, सुई भरली. आईने हात मागे ओढून घेतला.

"आज नको. सुई घेतली की मला झोप येते. आज माझा मुलगा येतोय."

"थोडी देते, आजी. अर्धी."

"थेंबभरही नको. केवढ्या लांबून येतोय तो, आणि मी घोरत पडू?"

सिस्टरने धाकटीकडे पाहिलं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. "किती वाजता उतरतं विमान?" सिस्टरने विचारलं.

"दुपारी बाराला."

"दुपारपर्यंत काढेल कशीबशी, दात आवळून. त्याच्या पुढे नाही निघायचं. तो आला की लगेच मला फोन करा." तिने सुई परत डब्यात ठेवली. "भाऊ काय करतो तुमचा?"

"मोठ्या हुद्द्यावर आहे."

"असू दे," सिस्टर म्हणाली आणि बूट घालायला गेली.

ती सकाळ धाकटीच्या हाडांत बसली. रात्रीच्या सुईचा जोर सात वाजताच संपला होता. आईने नॅपकिनची घडी करून दातांत धरली होती, आणि कळ सरली की ती नॅपकिन काढून विचारायची.

"कुठे आला?"

"समुद्रावर."

"कुठल्या?"

"मोठ्या."

"जेवला असेल का?"

"विमानात देतात, आई."

"गार देतात मेले. त्याला गार चालत नाही." कळ आली. नॅपकिन दातांत. पलंगाची कड इतकी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी. कळ सरली. "आता कुठे?"

"समुद्र संपला."

खोटं नव्हतं ते. विमान समुद्र ओलांडून जमिनीवरून उडू लागलं होतं. धाकटीला वाटलं, आता सांगावं. आता. एक वाक्य, आणि आई सुई घेईल, निजेल. पण ते वाक्य काय होतं? तुझा मुलगा येत नाहीये. शरीर पिळून निघत असताना माणसाला हे सांगायचं असतं का? आणि आणखी एक गोष्ट होती, ती धाकटीने स्वतःपाशीही अर्धवटच कबूल केली. सकाळपासून आई तिच्याशी बोलत होती. दर पाच मिनिटांनी तोंड तिच्याकडे वळवत होती. असं कधी झालं नव्हतं. दादा जोवर आकाशात होता तोवर आईला धाकटी लागत होती.

अकरा वाजता काकू आल्या. इस्त्रीची साडी नेसून, पदरात दुःख बांधूनच आल्या होत्या. खुर्ची दाराच्या तोंडाशी ओढून बसल्या, म्हणजे मायलेकांची भेट नीट दिसावी.

"किती सोसतेय बिचारी," त्या म्हणाल्या. "सगळं लेकासाठी. आईचं काळीज गं." मग धाकटीकडे वळून, "तू पण दमली असशील. पण तुझं काय, तू घरचीच."

"हो. मी पलंगाबरोबर आले," धाकटी म्हणाली.

विमान उतरलं. पिवळी खूण थांबली. आईने ते स्वतः पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ फुटले होते, पण तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की काकूंनीसुद्धा नजर खाली घेतली.

"केस विंचर माझे."

धाकटी विंचरू लागली. केस कंगव्यातच येत होते. ते ती मुठीत लपवत होती.

"तो आला की बडबड करू नकोस," आई म्हणाली. "माझ्या दुखण्याचं लगेच नको सांगूस. दमून आलेला असेल. आणि हे नॅपकिन, भांडं, सगळं पलंगाखाली सरकव."

"बरं."

"विमानतळावरून यायला किती वेळ लागतो?"

"दीड तास. रस्त्यात गर्दी असली तर दोन."

दोन तास गेले. काकूंना घरी काम आठवलं. जाताना त्यांनी "आला की भिंत ठोका" असं सांगितलं. आईची नजर दारावरून हलत नव्हती. आता ती नॅपकिनही घेत नव्हती, मुलाने अचानक पाहिलं तर बरं दिसणार नाही म्हणून. कळ आली की फक्त गळ्याच्या शिरा उभ्या राहायच्या आणि तोंडातून एक बारीक आवाज यायचा, कुलपात गंजकी किल्ली फिरवल्यासारखा.

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि तिने दादाला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती. बराच वेळ वाजला.

"काय झालं? गेली?"

"नाही. तुझी वाट बघतेय. तिला वाटतंय तू विमानातून उतरलायस." तिने सगळं सांगितलं, भरभर, श्वास न घेता; सुईचंही सांगितलं. "माझी चूक आहे. पण माझ्या तोंडून ती ऐकणार नाही. तू सांग. सांग की मला जमलं नाही, तू सुई घे, आई. एवढंच सांग."

"आत्ता? मी झोपेत आहे, मला काही सुचत..."

ती तोवर पलंगापाशी पोचली होती. फोनचा आवाज मोठा करून तिने आईच्या तोंडापाशी धरला.

"उतरलास का रे, बाळा?" आई म्हणाली.

मग आवाज आला, थोडा उशिरा, नेहमीसारखा.

"हो, आई. उतरलो."

"आवाज झोपेतला येतोय तुझा."

"विमानात झोप लागली ना. आता सामानाची वाट बघतोय. फार गर्दी आहे."

"जेवलास का?"

"हो. तू कशी आहेस?"

"मी चांगली आहे. मला काही झालेलं नाही. तू सावकाश ये, धावपळ करू नकोस."

"आलोच," दादा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

इतकं सफाईदार खोटं धाकटीला पूर्ण दिवसात एकदाही जमलं नव्हतं. मिनिटाभराने त्याचा मेसेज आला. *काय करू, तोंडातून निघून गेलं. तिचा आवाज ऐकून धीर नाही झाला. तू सांभाळ आता.* त्याखाली हात जोडलेल्याचं चित्र.

चार वाजता सिस्टर ठरल्या वेळेआधीच आली. जिन्यात आवाज पोचत होता, असं म्हणाली. तिने पलंगाकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे, मग धाकटीकडे, आणि तिला बहुतेक सगळं कळलं. तिने सुई भरली.

"नको," आई म्हणाली. आता शब्दही तुटत होते. "तो... जिन्यातच असेल."

"हे पाप आहे, बाई," सिस्टर हलक्या आवाजात धाकटीला म्हणाली. "माझ्याच्याने जबरदस्ती होणार नाही. तुम्ही काय ते बोला."

धाकटी पलंगावर बसली. आईचा हात घेतला.

"आई, ऐक. दादा आलेला नाही. तो तिकडून निघालाच नाही. त्याचं तिकीट झालं नव्हतं. मी खोटं बोलले तुझ्याशी."

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुखणं नव्हतं, आश्चर्य नव्हतं. फक्त जुनी, ओळखीची चीड होती.

"मी आत्ता बोलले त्याच्याशी."

"तो घरी होता. अंथरुणात. मीच उठवलं त्याला."

"लहानपणापासून तुला त्याचं बघवत नाही." कळ आली, गेली. "मी त्याला चांगली ओळखते आणि तुलाही. काय सांगितलंस त्याला फोनवर? स्वयंपाकघरात जाऊन? थांबवलंस ना? आई झोपलीय, उद्या ये, असं?"

"नाही, आई."

"मी मरेपर्यंत तू त्याला दारात येऊ देणार नाहीस."

सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटीने दादाचा मेसेज उघडून फोन आईपुढे धरला. आईने डोळे मिटून घेतले. तिला वाचायचं नव्हतं. आणि कदाचित ती अक्षरं आता तिला दिसतही नव्हती. पुढची कळ आली तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त पाठ पलंगावरून उचलली गेली आणि तशीच राहिली.

धाकटीने फोन बाजूला ठेवला. तिचा आवाज बदलला. ऑफिसातला झाला, काचेच्या दाराशी बसणाऱ्या बाईचा.

"त्याची बॅग आली नाही, आई. चुकून दुसऱ्या विमानात गेली. ते विमान रात्री येतं. बॅग घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मला त्याने तेच सांगितलं, तुला सांगू नकोस म्हणाला, काळजी करशील म्हणून."

आईची पाठ हळूहळू खाली आली.

"बघ," ती म्हणाली. "आता खरं बोललीस."

"रात्री पोचेल. तोवर तू झोप काढ. म्हणजे तो आला की ताजी असशील."

"उठवशील?"

"उठवीन."

"शपथ घे."

"शपथ."

आईने स्वतःहून हात पुढे केला. सिस्टरने सुई दिली. दंडावर कापूस दाबून धरला. औषध चढायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात आईची बोटं पलंगाच्या कडेवरून एकेक करून सुटली. पापण्या जड झाल्या. धाकटी तिच्या नजरेच्या रेषेत आली, पांघरूण नीट करायला.

"तिथे उभी राहू नकोस," आई पुटपुटली. "दार झाकलं जातं. तो आधी मला दिसला पाहिजे."

धाकटी बाजूला झाली.

आई त्यातून उठली नाही. श्वास लांब लांब होत गेले, दोन श्वासांमधल्या जागा मोठ्या होत गेल्या, आणि दिवे लागायच्या सुमाराला अशी एक जागा आली की तिच्यापुढे श्वास नव्हता. सिस्टर थांबली होती, तिचं काम संपलं असूनही. तिने आईचे डोळे नीट मिटवले. मग धाकटीसाठी चहा केला आणि तो स्वतःच प्यायली, कारण धाकटीने घेतला नाही.

दादाचा फोन आला तेव्हा त्याच्याकडे सकाळ झालेली होती. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज, वहिनीचं हळू बोलणं.

"गेली," धाकटी म्हणाली.

तो म्हणाला, "उद्याच्या विमानात बघतेस का? असेल तर. येतो मी." आणि लगेच, "शेवटी... त्रास झाला का फार?"

"झाला."

"मी तसं म्हणालो, ते तिला समाधान वाटावं म्हणून. खरंच. तुला माहीत आहे." त्याचा आवाज खाली आला. "तिला कळलं का? मी आलो नव्हतो ते?"

धाकटी पलंगापाशी उभी होती. आईचे विंचरलेले केस उशीवर होते तसेच होते. खरं सांगणं अगदी सोपं होतं. तिने विश्वास ठेवला नाही, दादा. माझ्यावर नाही ठेवला. तू जिन्यात आहेस असं समजूनच गेली. एवढ्यावर तो सुटला असता. आयुष्यभरासाठी सुटला असता, आणि आईचीही तीच इच्छा असणार, हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कळलं," ती म्हणाली. "मी सांगितलं तिला."

"मग?"

"तुझा मेसेजही दाखवला."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. भिंतीकडे तोंड केलं."

पलीकडून आवाज आला, थोडा उशिरा. मोठा माणूस तोंडावर हात दाबून रडतो तसा. वहिनी विचारत होती, काय झालं, काय झालं. धाकटीने फोन कानापासून हलवला नाही. सांत्वनाचे शब्द तिला येत होते, धंद्यातच शिकली होती, पण तिने त्यांतला एकही काढला नाही. तो पुरता थकून फोन ठेवीपर्यंत ती नीट लक्ष देऊन ऐकत राहिली.